कुलाबा किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ नक्की कोणी बांधलं?

समुद्रवेडी
गेल्या रविवारी अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला पाहिला. सिद्धिविनायकासमोर एक जण सांगत होते, "देऊळ शिवाजी महाराजांनी बांधलं, आणि तटावरच्या तोफा कान्होजी आंग्र्यांच्या." लेकाने लगेच वहीत लिहून घेतलं. हे बरोबर आहे का? शिवाय सासूबाईंना संकष्टीला दर्शनाला न्यायचंय, ओहोटीला चालत जमेल का?

नागावकर
ताई, वहीतली दोन्ही वाक्यं खोडायला सांगा. किल्ला महाराजांचा, १६८० साली काम सुरू झालं आणि संभाजीराजांनी ते पुरं केलं. देऊळ मात्र १७५९ चं, राघोजी आंग्र्यांचं. हे कान्होजींचे नातू. वडील मानाजी १७५८ ला गेले आणि राघोजी गादीवर बसतात न बसतात तोच जंजिऱ्याचा सिद्दी चालून आला. पेशव्यांची कुमक आली, सिद्दीला हटवलं आणि त्याच्याकडचा उंदेरी बेटावरचा किल्लाही घेतला. देऊळ त्याच धामधुमीच्या सुमाराचं. लहानपणी आजोबा माघी गणपतीला तिथे न्यायचे तेव्हा आधी राघोजींचं नाव घ्यायचे, मग नमस्कार. आज ते नाव कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आत गणेश पंचायतन आहे: गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. आणि देवळासमोरची पुष्करणी नीट पाहिलीत का? चारी बाजूंनी खारं पाणी, मधे गोडं. आरमाराच्या तळाला याहून मोठं धन कुठलं!

तोफांवरची अक्षरं लेकालाच वाचू द्या. यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ साली, आणि कान्होजी वारले १७२९ ला.

तटबंदी
नागावकर, तोफांचं अगदी खरं. कान्होजींची आठवण काढायची तर १७२१ ची काढावी. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि कुलाबा न घेताच परतले. पुढच्या वेळी तटाचे दगडही बघा, मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो.

नागावकर
सासूबाईंचं राहिलंच. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. साडेआठला किनाऱ्यावर हजर राहा. चतुर्थीला उधाण ओसरू लागलेलं असतं, त्यामुळे ओहोटीला पाणी पौर्णिमेइतकं मागे हटत नाही. सासूबाईंना घोडागाडीतच बसवा, आणि निघण्याआधी गाडीवाल्याला पाण्याचं विचारून घ्या. दहाच्या आत परत फिरा. पावसाळ्यात मात्र नकोच.