पेपरमिंट आणि ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ : पारलिंगी स्त्रीच्या ड्रॅगला आक्षेप नेमका कशासाठी?

रंगपट

‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या ड्रॅगच्या, म्हणजे नटूनथटून अतिरंजित स्त्रीरूप साकारण्याच्या, अमेरिकन स्पर्धेचे नववे पर्व, म्हणजे २०१७ साली व्हीएचवन वाहिनीवर दाखवले गेलेले, मी अलीकडेच सलग पाहिले. त्या पर्वाची उपविजेती पेपरमिंट ही पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री, म्हणजे जन्मतः पुरुष मानली गेलेली स्त्री आहे आणि स्पर्धेत उतरली तेव्हाही ती स्त्री म्हणूनच उघडपणे वावरत होती. अशी ती या स्पर्धेतली पहिलीच होती का, तेही कळावे. असे असताना पुढच्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, या कार्यक्रमाचा सर्वेसर्वा रुपॉल याने ‘द गार्डियन’ला दिलेल्या मुलाखतीत, शरीराने पूर्ण संक्रमण, म्हणजे लिंगबदल, केलेल्या स्त्रीला आपण बहुधा प्रवेश देणार नाही, असे सांगितल्याचे वाचून मी बुचकळ्यात पडलो आहे. जिला अंतिम फेरीपर्यंत नेले, तिच्याच जातकुळीच्या कलावंतांना दार बंद करण्यामागचे तर्कशास्त्र काय असावे?

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या लोकांना पुरुषाने स्त्री साकारणे नवे नाही; परंतु जी मुळात स्त्रीच आहे, तिने ड्रॅग क्वीन होणे म्हणजे नेमके काय करणे? आणि पेपरमिंटच्या स्पर्धेआधीच्या व नंतरच्या वाटचालीविषयी कुणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन, कारण कार्यक्रमात तिची कहाणी फारच त्रोटक येते.

निशाचर यांचा प्रतिसाद

पेपरमिंट पहिली होती का, याचे उत्तर ‘पहिली’ कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. २००९ साली लोगो नावाच्या छोट्या वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच पर्वात, २०१० साली, जॉर्जियातून आलेल्या सोनिक या स्पर्धकाने पर्व संपल्यानंतरच्या पुनर्भेटीच्या भागात आपण स्त्री असल्याचे जाहीर केले. २०१३ च्या पाचव्या पर्वात मोनिका बेव्हर्ली हिल्झ हिने तर परीक्षकांसमोर, मंचावर उभी असतानाच, रडत रडत ही गोष्ट सांगितली. तिसऱ्या पर्वातली कार्मेन करेरा आणि चौथ्यातली जिगली कॅलिएंटे यांनी कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर ती जाहीर केली. म्हणजे या कार्यक्रमात पारलिंगी स्त्रिया आरंभापासून होत्या. फक्त त्या आत येताना तसे सांगून आल्या नव्हत्या. निवड होण्याआधीपासूनच जिची ओळख जगजाहीर होती अशी पहिली स्पर्धक पेपरमिंट, आणि तिचे पहिलेपण एवढ्यापुरतेच आहे. माझ्या मते ते थोडे नाही.

रुपॉलच्या मुलाखतीत ज्या वाक्याने खरी ठिणगी पडली ते वाक्य पेपरमिंटविषयीच होते. तिने स्तनांची शस्त्रक्रिया कार्यक्रमानंतर करून घेतली, तोवर ती स्वतःला स्त्री म्हणवत असली तरी तिचे खऱ्या अर्थाने संक्रमण झालेले नव्हते, अशा आशयाचे ते विधान होते. दुसऱ्याच्या शरीराचा हिशेब असा चारचौघांत मांडणे मला आजही अशोभनीय वाटते. टीका झाल्यावर त्याने ट्विटरवर खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्यांशी तुलना करून आगीत तेल ओतले आणि नंतर माफी मागितली. त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत त्या पर्वाची विजेती साशा व्हेलूरही होती, हे नमूद केले पाहिजे.

हा वाद मात्र दूरचित्रवाणीने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेत ड्रॅगच्या सौंदर्यस्पर्धांची जुनी परंपरा आहे आणि तिथे ही फाळणी आधीच झालेली होती. १९७२ पासून चालत आलेल्या ‘मिस गे अमेरिका’ने संप्रेरके घेणाऱ्या किंवा स्तनांची शस्त्रक्रिया केलेल्या कलावंतांना बाहेर ठेवले, तर १९८० साली शिकागोत सुरू झालेल्या ‘मिस कॉन्टिनेन्टल’ने त्यांना आत घेतले. त्यामुळे कित्येक नामवंत पारलिंगी कलावंत ‘कॉन्टिनेन्टल’च्या मंचावर घडल्या. रुपॉलने घेतलेली भूमिका ही पहिल्या घराण्याची होती, एवढेच.

चंद्रकोर यांचा प्रतिसाद

रंगपट, तुमच्या दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. बालगंधर्व रंग पुसून पुरुष म्हणून घरी जात. पेपरमिंट रंग पुसून स्त्री म्हणून घरी जाते. तुमची अडचण या फरकात असेल, तर ड्रॅगमध्ये साकारायची असते ती कुठली स्त्री, हे आधी पाहावे लागेल. आपल्याकडची लावणी कलावंत स्त्रीच असते. तरी नऊवारी नेसून, पायांत घुंगरांचे वजन चढवून ती बैठकीत येते तेव्हा ती तिच्या घरातली, पोरांना शाळेत धाडणारी बाई नसते. ड्रॅग क्वीनचेही तसेच आहे. भिवया गोंदाने झाकून त्यांच्या वर दुसऱ्या रेखायच्या, कमरेला फोम बांधून नितंब घडवायचे, एकावर एक दोन-तीन केसांचे टोप रचायचे. हे रूप कुठल्याच स्त्रीचे रोजचे रूप नव्हे, मग ती जन्माने स्त्री असो वा नसो.

पेपरमिंटचे कौशल्य पाहायचे असेल तर तिचे लिप-सिंक, म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ जुळवून केलेले सादरीकरण, आवाज बंद करून पाहावे. नवखा कलावंत केवळ ओठ हलवतो. पेपरमिंट गायिका जिथे श्वास घेते तिथे श्वास घेते, लांबलेल्या स्वरावर तिचा जबडा आणि गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, आणि ओळ संपल्यावरही चेहऱ्यावरचा भाव लगेच सोडून देत नाही. ही सफाई दूरचित्रवाणीवर येत नाही. ती न्यूयॉर्कच्या बारमध्ये, दारू चढलेल्या आणि पाठ फिरवून गप्पा मारणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर वर्षानुवर्षे उभे राहून येते. पेपरमिंट नव्वदीच्या दशकापासून त्या शहराच्या रात्रजीवनात होती, तिथल्या ‘टनेल’ या गाजलेल्या क्लबमध्ये तिने काम केले होते, आणि स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून ती स्वतःची गाणीही ध्वनिमुद्रित करत होती. तेव्हा दूरचित्रवाणीने तिला घडवले असे म्हणणे उलटे होईल.

साक्षेपी यांचा प्रतिसाद

थोडा विरोधी सूर लावतो. पेपरमिंट लोभस आहे याविषयी दुमत नाही, परंतु त्या पर्वात तिची घसरगुंडी होत होती हे मान्य करायला हवे. या स्पर्धेत स्वतः कपडे शिवता येणे, नक्कल जमणे, रनवेवर दर आठवड्याला नवी कल्पना घेऊन येणे या गोष्टींना गुण असतात, आणि पोशाखांच्या बाबतीत ती साशा व्हेलूर किंवा शे कुले यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. तळाला गेलेल्या दोघींना टिकण्यासाठी लिप-सिंकची लढत द्यावी लागते, आणि ती दोनदा त्याच जोरावर तगली.

अंतिम सोहळ्यातही असेच झाले. त्या वर्षी पहिल्यांदाच चौघींमध्ये बाद फेरीच्या पद्धतीने लिप-सिंकच्या लढती लावण्यात आल्या. ब्रिटनी स्पिअर्सच्या गाण्यावर पेपरमिंटने ट्रिनिटी टेलरला हरवले, तेव्हा तिच्या चाहत्यांना विजय दृष्टिपथात आल्यासारखे वाटले असेल. परंतु दुसऱ्या लढतीत शे कुलेविरुद्ध साशाने व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यावर आधी हातमोज्यांतून आणि मग केसांच्या टोपाखालून गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा पाडला आणि त्या क्षणी निकाल लागला. माझ्या मते तो निकाल योग्यच होता. रुपॉलच्या वक्तव्यामुळे आता मागे वळून पाहताना पेपरमिंटला अन्यायाने डावलले गेले असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही.

मुलाखतीतला त्याचा दुसरा मुद्दा, की पुरुषांनी केले नाही तर ड्रॅगमधला धोका आणि उपरोध निघून जातो, तो मात्र चुकीचा असला तरी पोरकट नाही. ड्रॅगची धार समाजाने पुरुषाला घातलेली मर्यादा मोडण्यातून येते, असा त्याचा रोख होता. गंमत अशी की धोक्याचेच माप लावायचे तर अमेरिकेतल्या रस्त्यावरून रात्री घरी परतणारी कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्री अधिक धोका पत्करते, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

उमा_न्यू जर्सी यांचा प्रतिसाद

वरच्या चर्चेत पेपरमिंटच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा राहून गेला आहे, आणि तो दूरचित्रवाणीवरचा नाही. ती मुलाखत गाजत होती त्याच वर्षी, २०१८ च्या जुलैत, ब्रॉडवेवरील हडसन थिएटरमध्ये ‘हेड ओव्हर हील्स’ हे संगीत नाटक सुरू झाले. त्यातली पायथिओ ही प्रमुख भूमिका पेपरमिंटने साकारली. उघडपणे पारलिंगी असलेल्या स्त्रीने ब्रॉडवेवर नव्या नाटकातली प्रमुख भूमिका प्रथमच उभी करण्याचा हा प्रसंग होता. सोळाव्या शतकातल्या फिलिप सिडनीच्या ‘आर्केडिया’वर बेतलेले कथानक आणि त्यात ऐंशीच्या दशकातल्या ‘गो-गोज’ या बायकांच्या रॉक बँडची गाणी, असा तो अजब मेळ होता.

मी तो प्रयोग पाहिला आहे. पायथिओ ही डेल्फीची भविष्यवक्ती, जी स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, राजाला चार भाकिते सांगते आणि मग सारे नाटक त्या भाकितांना बगल देण्याच्या त्याच्या धडपडीवर चालते. म्हणजे भूमिका लांबीने मोठी नाही, पण तिच्यावाचून नाटक उभे राहत नाही. पेपरमिंटचा भरदार, खालच्या पट्टीतला आवाज तिथे प्रथमच लिप-सिंकच्या आडोशाशिवाय एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात ऐकू आला. ज्यांनी तिला फक्त दुसऱ्यांच्या गाण्यांवर ओठ हलवताना पाहिले होते, त्यांना ते अनपेक्षित वाटले असणार.

नाटकाला दीर्घायुष्य लाभले नाही. जानेवारी २०१९ मध्ये ते बंद झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणात या पात्राच्या लिंगओळखीवरून केलेल्या थट्टेवर इतकी टीका झाली की वृत्तपत्राला तो मजकूर बदलावा लागला. प्रेक्षक कमी पडले हे खरे, पण त्या परीक्षणाने नाटकाचे नुकसान केले असे मला राहून राहून वाटते.

रंगपट

सर्वांचे आभार. पेपरमिंटनंतर त्या स्पर्धेत काय बदलले, एवढे कुणी सांगावे.

निशाचर यांचा प्रतिसाद

बरेच बदलले, आणि तेही झपाट्याने. २०२१ च्या तेराव्या पर्वात गॉटमिक हा पारलिंगी पुरुष अंतिम फेरीत पोहोचला, आणि त्याच पर्वापासून ‘जंटलमेन’ला उद्देशून दिली जाणारी सुरुवातीची हाक बदलण्यात आली. त्याच वर्षी, २०१० सालची सोनिक आता काइली सोनिक लव्ह या नावाने परत आली आणि जुन्या स्पर्धकांसाठीच्या ‘ऑल स्टार्स’ या जोडस्पर्धेचे सहावे पर्व जिंकली. २०२३ च्या पंधराव्या पर्वाची विजेती साशा कोल्बी ही हवाईच्या मूलनिवासी वंशाची पारलिंगी स्त्री असून २०१२ ची ‘मिस कॉन्टिनेन्टल’ आहे. म्हणजे ज्या घराण्याला रुपॉलने पाच वर्षांपूर्वी नाके मुरडली, त्याच घराण्याच्या कलावंताला त्याने स्वतःच्या हाताने दोन लाख डॉलरचे पारितोषिक दिले. टेनेसी राज्याने ड्रॅगच्या जाहीर प्रयोगांना आवर घालणारा कायदा केला होता तो त्याच वसंत ऋतूत.

पेपरमिंट मात्र ऑल स्टार्सच्या मुकुटासाठी परत उतरली नाही. २०२१ पासून ‘कॉल मी मदर’ या कॅनडातल्या ड्रॅग स्पर्धेत ती नवोदितांना तयार करणाऱ्या तीन ‘मदर’पैकी एक होती, आणि ‘सर्व्हायव्हल ऑफ द थिकेस्ट’ या नेटफ्लिक्सवरील विनोदी मालिकेतही ती दिसते. २०२४ च्या ‘द ट्रेटर्स’ या, आपल्यातले फितूर ओळखून मतदानाने बाहेर काढण्याच्या खेळाच्या कार्यक्रमात मात्र सहस्पर्धकांनी तिच्यावर फितुरीचा आळ घेऊन पहिल्याच मतदानात तिला घालवून दिले, आणि ती फितूर नव्हती. तो भाग आवर्जून पाहा. एवढ्या कमी वेळातही तिने निरोप घ्यावा कसा हे दाखवून दिले आहे.