मदत हवी आहे : उडी मारून उतरताना मुलीचे गुडघे आत वळतात

तासगावकर :
माझी मुलगी शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. स्मॅश मारून खाली येताना तिचे दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात. गेल्या वर्षीपर्यंत असे होत नव्हते. सराव कमी पडतो असे क्रीडाशिक्षक म्हणतात, पण सराव उलट वाढलेला आहे. जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर असल्याने नेमके उत्तर द्यावे, ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच नको.

मिरजकर फिजिओ :
वय किती, वर्षभरात उंची किती वाढली, पाळी सुरू झाली आहे का, गुडघा दुखतो वा सुजतो का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

लाल माती :
रोज बैठका मारायला लावा. आमच्या तालमीत गुडघा आत गेलेला पोरगा मी पाहिलेला नाही.

मिरजकर फिजिओ :
आपण पाहिलेले सगळे मुलगेच असणार, आणि फरक नेमका तिथेच पडतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास व मुलग्यांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. हाडे लांबतात, शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वजनही वाढते. मुलग्यांमध्ये त्याच सुमारास स्नायूंची ताकद झपाट्याने वाढून हा भार पेलते, मुलींमध्ये ती त्या प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत 181 फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयात आलेल्या मुलींचे गुडघे उतरताना अधिक आत गेलेले आढळले, मुलग्यांचे तसे आढळले नाहीत.

वारणाकाठ :
व्हॉलीबॉलसाठी उंची वाढवायची म्हणून अनेक जण रोज बारला लटकतात, पण त्याने उंची वाढत नाही.

तासगावकर :
उंची वाढवण्याविषयी मी विचारलेलेच नाही, ती आधीच वर्षभरात बरीच वाढली आहे. तेरावे सुरू आहे, पाळी सुरू झाली आहे. गुडघा दुखत नाही, फक्त वाटीखालचा उंचवटा दाबला की कळ येते.

मिरजकर फिजिओ :
म्हणजे दुखते! वाढीच्या वयात मांडीचा पुढचा स्नायू नडगीच्या त्या उंचवट्यावर ताण देतो, त्यामुळे तिथे दुखणे नेहमीचे आहे. तरीही ते एकदा तपासून घ्यावे लागेल, आपल्याला आवडले नाही तरी. गुडघे आत वळण्याची काळजी वेगळी आहे. पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो आणि मागचा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, तिला मागे धरतो. मागचा दुबळा असून गुडघाही आत गेला तर एसीएलवर, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या गुडघ्यातील अस्थिबंधावर, ताण येतो. म्हणून एका पायावरचे स्क्वॉट, हॅमस्ट्रिंगचे व नितंबांचे व्यायाम, आणि आवाज न करता, गुडघे वाकवून व पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरण्याचा सराव आठवड्यातून दोन-तीन वेळा वॉर्म-अपमध्येच घ्यावा. आधी सुमारे 30 सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढावा, मात्र दुखणे वाढले तर तिथेच थांबावे.

लाल माती :
एवढा खटाटोप करून शेवटी सांगितल्या त्या बैठकाच ना?

मिरजकर फिजिओ :
बैठका अवश्य माराव्यात, पण गुडघे आत जाऊ न देता. त्या वळणानेच शंभर मारल्या तर वळणच पक्के होईल.

तासगावकर :
ठोकळा नाही. जिन्याची पायरी चालेल का?

मिरजकर फिजिओ :
एक पायरी फार कमी पडते. न हलणारे बुटके बाकडे घ्या आणि मोबाइल गुडघ्यांच्या उंचीवर ठेवा.