चामड्याची कड: मुरवणे, घोटणे की लेप चढवणे?

प्रश्न: हाताने शिवलेल्या चामडी वस्तूंवर टिपण लिहितो आहे. पाकीट किंवा पट्टा शिवून झाला की कापलेल्या बाजूवर जे काम करतात, त्यासाठी ‘एज पेंट’, ‘एज डाय’, ‘बर्निशिंग’ असे शब्द येतात. मराठीत सगळ्यांसाठी ‘काठांना पॉलिश करणे’ चालेल का?

उत्तर: आधी ‘काठ’. तो नदीचा, भांड्याचा, साडीचा. ‘किनार’ म्हटले की विणलेली किंवा जोडलेली पट्टी डोळ्यांसमोर येते. चामड्याचा कापलेला छेद जिथे उघडा दिसतो, तिला ‘कड’ म्हणा.

‘पॉलिश’ मात्र नको. तीन वेगळी कामे त्यात एकत्र कोंबली जातात आणि मराठीत तिन्हींना चांगली क्रियापदे आहेत.

डाय पातळ असतो आणि तंतूंच्या आत शिरतो. म्हणून रंग ‘मुरवणे’. बोळ्यावर रंग जरा जास्त झाला तर तो कडेवरून दर्शनी बाजूवर उतरतो आणि तिथेही मुरतो, मग पुसून निघत नाही. ‘रंग लावणे’ म्हटल्यावर हा धोका कळत नाही.

बर्निशिंगला ‘घोटणे’. माझ्या मते याहून नेमका शब्द शोधायची गरजच नाही. कडेचे कोपरे आधी तासून गोल करतात, मग ४०० आणि ६०० नंबरच्या सँडपेपरने ती सपाट करतात. पाण्याचा किंवा पातळ डिंकाचा हात फिरवून ओलसर कड लाकडी दांडीच्या खाचेत धरतात आणि भराभर घासतात. घर्षणाने ऊब येते, मोकळे तंतू दबून एकमेकांत बसतात. दोन थर चिकटवलेले असतील तर मधली रेघ जवळजवळ दिसेनाशी होते. कड थोडी गडद होते, बोटाला गुळगुळीत लागते. शेवटी मेणाचा हात. डाय मुरवायचा तर मेणाआधीच, नंतर तो नीट शिरत नाही. अशी कड ‘घोटीव’ म्हणावी, हे विशेषण आपल्याकडे आहेच.

एज पेंट दाट असतो, बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा. तो आत न जाता वर बसतो. थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. म्हणून ‘लेप चढवणे’.

आणखी एक मत: घोटण्यापेक्षा ‘झिलई देणे’ जास्त सुंदर वाटते. आणि कुठलेही चामडे घोटले की झिलई येतेच ना?

उत्तर: झिलई शब्द मलाही आवडतो, पण ती शेवटी दिसणारी चमक झाली. लेपालाही झिलई असू शकते. कड कशी तयार केली हे वाचणाऱ्याला त्यातून समजत नाही.

आणि नाही, प्रत्येक चामडे घोटले जात नाही. झाडाची साल किंवा फळे यांतल्या टॅनिनने कमावलेले चामडे घट्ट असते, दाबले की दबलेले राहते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले बहुतेक चामडे मऊ आणि लवचिक, घासून झाले की तंतू पुन्हा उभे राहतात. त्यामुळे त्याच्या कडेवर लेप चढवतात किंवा चामडे पातळ तासून कड आत दुमडतात. मऊ क्रोम चामड्याच्या पर्सला तुम्ही ‘घोटीव कडा’ लिहिल्या, तर काम करणारा माणूस तिथेच थांबेल. शब्द चुकला की कारागिरीची माहितीही चुकते, म्हणून हा आग्रह.

प्रश्न विचारणारे: म्हणजे पट्ट्याबद्दल असे लिहू का: ‘कड तासून, डाय मुरवून घोटली आहे, वरून मेणाचा हात आहे’?

उत्तर: अगदी असेच. पर्सबद्दल ‘कडांवर काळ्या लेपाचे तीन थर’ लिहा, आणि थर खरोखर तीनच आहेत ना, ते करणाऱ्याला विचारून घ्या.