दिग्दर्शकाने स्वतःच्याच सिनेमावर बोलावं का?

पारावरचा:
परवा इथे एकांनी लिहिलं की प्रत्येक मराठी दिग्दर्शकाने आपल्या सिनेमावर पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत कॉमेंट्री (सिनेमा चालू असताना त्याच्यावर बोललेला वेगळा आवाजाचा ट्रॅक) रेकॉर्ड करावी, म्हणजे 'प्रेक्षकाला सिनेमा नीट कळेल'. वाचून तिडीक गेली, म्हणून वेगळा धागा काढतोय.

'फँड्री'च्या शेवटी जातीवरून हिणवला गेलेला शाळकरी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. थिएटरात माझ्या शेजारचे गृहस्थ दिवे लागले तरी उठेनात. त्या क्षणी दिग्दर्शकानेच कानात सांगितलं असतं की दगड अमक्याला मारलाय, तर त्या माणसाची सुटका झाली असती. अस्वस्थ व्हायचं कामच उरलं नसतं.

अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंचने स्वतःच्या सिनेमाचा अर्थ सांगायला कायम नकार दिला. 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीवर चॅप्टरसुद्धा (थेट हव्या त्या भागावर उडी मारायचे टप्पे) पाडू दिले नाहीत. सिनेमा सलग बघायचा. स्पीलबर्गही कॉमेंट्री करत नाही. ही माणसं आळशी नाहीत. सांगायचं ते त्यांनी पडद्यावर सांगितलंय.

मुठेकाठी:
पूर्ण असहमत. कॉमेंट्री म्हणजे अर्थ फोडून सांगणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? 'गॉडफादर'वरची त्याचा दिग्दर्शक कोपोलाची ऐका. स्टुडिओ आपल्याला कधी काढून टाकेल या धास्तीत शूटिंग कसं रेटलं, ते तो सांगतो. त्याने सिनेमा लहान होत नाही.

तुमच्याच 'फँड्री'त डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटतं. मला त्याचा अर्थ नकोय, तो मला कळला. डुक्कर कसं सांभाळलं, कॅमेरे किती होते, गाणं शूटिंगच्या वेळी वाजत होतं की नंतर टाकलं, हे हवंय.

मी तालुक्याच्या गावात राहून लघुपट करतो. फिल्म इन्स्टिट्यूटला जायची ऐपत नव्हती. आमची शाळा म्हणजे मित्राकडून आणलेल्या इंग्रजी डीव्हीडी आणि त्यांच्यावरच्या कॉमेंट्र्या. इंग्रजी अर्धंच कळायचं, तरी रिवाइंड करून ऐकायचो. हेच मराठीत मिळालं असतं तर माझी कितीतरी वर्षं वाचली असती.

गडकोट:
कॉमेंट्री राहू द्या हो, आधी सिनेमा तरी धड दाखवा!

आईला 'संत तुकाराम' दाखवायचा म्हणून मोठ्या हौसेने टीव्हीवर ऑनलाइन कॉपी लावली. १९३६ चा सिनेमा, चौकट जवळपास चौकोनी. अपलोड करणाऱ्याने आजच्या रुंद टीव्हीत भरावा म्हणून वरून-खालून छाटलेला. तुकोबा वैकुंठाला निघाले आणि वरचा गरुडच अर्धा गायब. कोपऱ्यात कंपनीचा लोगो फिरतोय तो वेगळाच. आई म्हणाली, "बंद कर, लहानपणी तंबूत पाहिला तोच बरा होता."

चिंचपोकळी_लोकल:
गडकोट, +१०००. काही जण छाटण्याऐवजी ताणतात, म्हणजे सगळी पात्रं बुटकी आणि जाडी. मी एका जुन्या सिनेमाची व्हीसीडी घेतली होती. दुसऱ्या चकतीवर आवाज ओठांच्या पुढे धावत होता. विकणाऱ्याला फोन केला तर "जुनाच आहे ना पिक्चर, एवढं चालायचंच" असं उत्तर मिळालं.

गडकोट:
"चालायचंच" यानेच घात केलाय! २००३ मध्ये पुण्यात, 'संत तुकाराम' काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात आग लागून नायट्रेटच्या, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही फिल्मच्या रिळांचा साठा गेला. नायट्रेट एकदा पेटलं की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. गेलेलं रीळ परत येत नाही. उरलेल्याची तरी किंमत ठेवा.

पारावरचा:
विषय कॉमेंट्रीचा आहे. छाटलेल्या गरुडासाठी कृपया वेगळा धागा काढा.

गडकोट:
विषय हाच आहे. ज्याच्यावर बोलायचं ती वस्तूच शाबूत नसेल तर बोलणार कशावर? आणि धागा काय तुमची खासगी मालमत्ता आहे का?

पारावरचा:
मालमत्ता नाही, पण विषय सोडून आरडाओरडा किती सहन करायचा? तुम्ही तीन प्रतिसाद दिलेत, एकात तरी मूळ मुद्द्याला हात घातलाय का?

अबोली:
भांडण थांबवा दोघंही. २०२१ च्या एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने वीरा साथीदार गेले आणि सुमित्रा भावे गेल्या. 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे साकारणारे नट आणि 'दोघी', 'देवराई', 'कासव' करणारी बाई. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये 'डोंबिवली फास्ट'चे निशिकांत कामत गेले.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. 'देवराई' आम्ही घरात सगळ्यांनी एकत्र पाहिला आणि नंतर पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो. अतुल कुलकर्णींची ती नजर, ते स्वतःशी पुटपुटणं भावेबाईंनी कुठून गोळा केलं, कोणत्या घरांत जाऊन बसल्या, हे मला त्यांच्या आवाजात, ते दृश्य समोर चालू असताना ऐकायचं होतं. मुलाखतीत कुणी इतकं बारीक विचारत नाही. पारावरचे, तुम्हाला नको असेल तर तो ट्रॅक लावू नका. पण आमच्यासाठी तो असायला काय हरकत होती?

तळटीप:
एक माहिती. कॉमेंट्रीची सुरुवात १९८४ मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कपासून (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) झाली. बोलणारा रोनाल्ड हेव्हर हा चित्रपट-अभ्यासक होता. सिनेमा १९३३ चा, दोन्ही दिग्दर्शक तोवर वारलेले. म्हणजे दिग्दर्शकच हवा असं मुळात नव्हतंच. माझ्या मते तो नसलेलाच बरा, स्वतःच्या चुका कोण सांगतो? संकलक, ध्वनिमुद्रक यांना बसवा. आणि भावेबाईंच्या सिनेमांसाठी सुनील सुकथनकर आहेत, दोघांनी मिळूनच दिग्दर्शन केलंय. त्यांना आजच बसवा.

मुठेकाठी:
संकलकाची कल्पना एकदम मान्य. पण दिग्दर्शक नको हे नाही. 'किल्ला'चा दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच छायाचित्रकार. कोकणातल्या त्या पावसाळी उजेडाबद्दल दुसरं कोण बोलणार?

पारावरचा:
अबोलीताई, तुमच्या प्रतिसादानंतर सरसकट 'नको' म्हणवत नाही. एवढंच मान्य करतो: सिनेमा आल्यावर किमान दहा वर्षं दिग्दर्शकाने गप्प बसावं. तोवर प्रेक्षकाला एकट्याला झगडू द्या. नंतर बोला, तेही फक्त कसं केलं यावर. शेवटच्या दगडावर तेव्हाही एक शब्द नको.

अबोली:
दहा वर्षं थांबायचं म्हणता, पण तोवर माणूस राहील याची खात्री कोण देणार? बोलणं आत्ता रेकॉर्ड करा, हवं तर दहा वर्षांनी बाहेर काढा.

पारावरचा:
ठीक आहे. रेकॉर्ड आत्ता करा. बाहेर दहा वर्षांनी. याच्या पुढे मी येणार नाही.

गडकोट:
आणि त्या रेकॉर्डिंगसोबत सिनेमाची एक न छाटलेली प्रतही आत्ताच ठेवा.