कोनी डॉगचा सॉस दर वेळी खिमाच का होतो?

पाटावरवंटा
डेट्रॉइट पद्धतीचे कोनी डॉग (बनमध्ये सॉसेज, वर मांसाचा सॉस, मस्टर्ड आणि कांदा) घरी करायचे आहेत, साधारण ३० नग. सॉस दोनदा फसला. कांदा परतून त्यावर ग्राउंड बीफ तपकिरी केलं, मग टोमॅटो, २ मोठे चमचे लाल तिखट, जिरेपूड, पाणी घालून अर्धा तास झाकून शिजवलं. झालं काय, तर तिखटजाळ, गोळे तसेच, पाणी वेगळं सुटलेलं आणि बन खालून फाटलेला. डेट्रॉइटच्या डाउनटाउनमध्ये मिळतो तसा सलग ओघळणारा सॉस कसा जमतो? बीन्स घालतात का? सॉसेज कोणतं आणू?

मेथीदाणा
बीन्स अजिबात नाहीत.

तुम्ही केलंत तो खिमाच आहे, त्यामुळे तो खिम्यासारखा झाला यात नवल नाही. मांस आधी परतलं की गोळे आवळून पक्के होतात. नंतर दोन तास उकळलं तरी फुटत नाहीत. इथे उलटं करायचं. थंड पातेल्यात ८०/२० चं (८० टक्के मांस, २० टक्के चरबी) ४५० ग्रॅम ग्राउंड बीफ घ्या, त्यात ३ कप गार पाणी घाला आणि हातानेच कुस्करा, पिठल्यासाठी बेसन कालवतो तसं. बोटांना गुठळी लागेनाशी झाली की मगच गॅस पेटवा. उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका, कारण त्या दहा मिनिटांत पुन्हा गुठळ्या धरतात.

उकळी आली की एक मध्यम कांदा किसून घाला. चिरून नको, तुकडे दिसतात. मग २ मोठे चमचे चिली पावडर, १ मोठा चमचा पॅप्रिका, १ चमचा जिरेपूड, अर्धा चमचा लसूण पावडर, १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. ताजा टोमॅटो नको, पाणी त्यानेही सुटतं. खरी गोम तिखटात आहे: अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. ते सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण यांचं मिश्रण असतं. त्या मापाने लाल तिखट घातलंत तर जाळ होणारच.

झाकण न ठेवता मंद आचेवर दीड तास. शेवटच्या २० मिनिटांत ८-१० सॉल्टीन (पातळ, खारी, कुरकुरीत) बिस्किटांचा बारीक चुरा घाला. सुटलेलं पाणी आणि चरबी तोच धरून ठेवतो. मीठ त्यानंतर चाखून, कारण बिस्किटं खारट असतात. पळीने तळाला रेघ ओढा. ती दोन-तीन सेकंदांत हळूच भरून आली तर झाला.

एका कोनीला ५०-५५ ग्रॅम सॉस, म्हणजे एवढ्यात १४-१५ होतात. ३० साठी मांस-मसाला दुप्पट, पण पाणी ५ कपच. पातेलं तेच असेल तर वाफ दुप्पट जात नाही.

झणका_कमी
सॉसचं वरच्याप्रमाणे करा. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलात तर उत्तम. वर चरबीचा थर येतो. निम्मा काढा, सगळा नको, नाहीतर सॉस खरखरीत लागतो.

सॉसेज ‘नॅचरल केसिंग’चंच (म्हणजे आतड्याची नैसर्गिक साल असलेलं) घ्या, बाकी सगळं दुय्यम. बिनसालीचं असेल तर चावल्यावर कट्‌ आवाज येत नाही आणि मऊ बनमध्ये मऊ सॉसेज, वर मऊ सॉस असा लगदा होतो. पोर्क चालत नसेल तर लेबल वाचा. बरेच बीफ-पोर्क मिश्र असतात. खळखळत्या पाण्यात टाकू नका, साल फाटते. तव्यावर मंद आचेवर ८-१० मिनिटं लोळवत ठेवा.

बन भाजायचा नाही, वाफवायचा. पण ४५ सेकंदच, आणि ढोकळ्याला बांधतो तसं झाकणाला फडकं बांधून. थेंब पडला की बन तिथूनच फाटतो. क्रम: बन, सॉसेज, सॉस, पिवळ्या मस्टर्डची रेघ, वर कच्चा कांदा. गोडसर कांदा बारीक चिरा आणि धुतलात तर कोरडा करूनच घाला. केचप मागू नका :)

सुकं_बरं
डेट्रॉइटवाल्यांनी सांगून झालं असेल तर फ्लिंटचंही (मिशिगनमधलंच दुसरं शहर) ऐका. तिथला सॉस ओघळत नाही, भुरभुरीत असतो. पातळ सॉसमुळे बन भिजण्याची कटकटच नाही.

त्यात मुख्य असतं बीफ हार्ट, मटणवाल्याकडे ज्याला आपण ‘दिल’ म्हणतो ते. सतत काम करणारा, जवळजवळ बिनचरबीचा स्नायू, त्यामुळे कण सुटे राहतात. झडपा, शिरा, पांढरी चरबी, वरचा पापुद्रा काढून पट्ट्या करा, अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि ३ मिमीच्या जाळीतून दोनदा दळा. गरम मांस दळलं तर चेचलं जातं. ६० ग्रॅम सुएटमध्ये (गुर्द्याभोवतीची घट्ट चरबी) एक बारीक कांदा मऊ करा, ४५० ग्रॅम दळलेलं हार्ट, १ मोठा चमचा चिली पावडर, १ मोठा चमचा पॅप्रिका, १ चमचा जिरेपूड, अर्धा कप पाणी. मंद आचेवर पाऊण तास, पाणी आटेपर्यंत. टोमॅटो नाही, बिस्किटंही नाहीत. सॉसेज दळून केलेली एक ‘फ्लिंट’ पाककृती फिरत असते, तिच्या नादी लागू नका.

आणि डेट्रॉइटचं ‘अमेरिकन कोनी आयलंड’ हे दुकान १९१७ चं असलं, तरी मिशिगनमधल्याच जॅक्सन शहरात जॉर्ज टोडोरॉफ १९१४ पासून कोनी विकत होते. मान डेट्रॉइटलाच का, हा वाद वेगळ्या धाग्यावर घालू.

पाटावरवंटा
चिली पावडरचा घोळ आत्ता कळला. चार जण बीफ खात नाहीत. टर्की चालेल?

मेथीदाणा
चालेल. गडद मांसाची, म्हणजे मांडीची घ्या. छातीची नको, भुसा होतो. ४५० ग्रॅमला २ मोठे चमचे तेल, पाणी अडीच कप, वेळ पाऊण तास. दालचिनी-लवंग घालण्याचा मोह टाळा, ती सिनसिनाटी शहराच्या वेगळ्या चिलीची चव. आणि दोन्ही पातेल्यांच्या पळ्या वेगळ्या ठेवा.