साध्या लंबकातून ‘जी’ (गुरुत्वत्वरण) ९.४४ येतोय, चूक कुठे शोधू? (एफवाय बीएससी, नाशिक)

नवखा_एफवाय
दोऱ्याची लांबी गोळ्याच्या हुकापर्यंत मोजून प्रत्येक वेळी २० दोलनांचा वेळ घेतला. ६० सेंमीला ३१.६८ सेकंद, ८० ला ३४.६०, १०० ला ४०.६१. ‘जी’ = ४π² × लांबी ÷ आवर्तकालाचा (एका दोलनाच्या वेळेचा) वर्ग, या सूत्रात घातल्यावर ‘जी’ अनुक्रमे ९.४४, १०.५५ आणि ९.५८ मीटर प्रति सेकंद वर्ग. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने २.६ सेंमी आला, पण तो कुठे वापरायचा तेच कळलं नाही. वर्गात सगळ्यांचं ९.८ आलंय. सोमवारी जर्नल तपासणार आहेत. सगळे रीडिंग पुन्हा घेऊ का?

प्रयोगवही
सगळे नको. तुझे रीडिंग चांगले आहेत, चूक कुठे झाली ते त्यांतच दिसतंय.

आधी ६० आणि १०० घे. लांबी वाढली तसा ‘जी’ ९.४४ वरून ९.५८ झाला. प्रत्येक लांबीत ठरावीक तुकडा मोजायचा राहिला की असंच होतं, कारण तो तुकडा ६० सेंमीत जास्त बोचतो, १०० मध्ये कमी. लंबकाची लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरतात. तू हुक आणि त्रिज्या दोन्ही सोडलेत.

किती सोडलं तेही काढता येतं. आवर्तकालाचा वर्ग ६० ला २.५०९, १०० ला ४.१२३. आडवी लांबी आणि उभा हा वर्ग असा ग्राफ काढला तर रेषेचा स्लोप (चढ) १.६१४ भागिले ४०, म्हणजे ०.०४०३५. रेषा मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला उणे २.२ सेंमीवर छेदते. त्यातले १.३ त्रिज्येचे. उरलेले ०.९ हुकाचे असणार, मोजून बघ. आणि ३९.४८ (म्हणजे ४π²) भागिले स्लोप केलं तर ‘जी’ ९७८.४ सेंमी प्रति सेकंद वर्ग, म्हणजे मीटरमध्ये ९.७८ येतो, लांबी चुकलेली असतानाही! ठरावीक चुकीने रेषा सरकते, तिचा चढ बदलत नाही. ग्राफ काढायला लावतात तो यासाठी.

८० चं रीडिंग मात्र वेगळ्या कारणाने बिघडलंय. ३४.६० ला १९ ने भाग: १.८२१, वर्ग ३.३१६. बरोबर त्याच रेषेवर बसतो. स्टॉपवॉच दाबताना ‘एक’ म्हटलंस, ‘शून्य’ म्हणायचं होतं.

गोदाकाठ
वरचं निदान पटलं. थोडी भर घालतो.

मोजणी टोकापासून सुरू करू नका, मध्यापासून करा. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यावर त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून मागे स्टँडवर खडूची उभी रेघ मारा. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर ४० सेकंदांत ती अर्धा टक्का, आणि आवर्तकालाचा वर्ग होत असल्याने ‘जी’ मध्ये एक टक्का, म्हणजे जवळपास ०.१. ५० दोलनं घेतलीत तर ती ०.०४ वर येते.

झोका ५ अंशांच्या आत ठेवा. एक मीटर लांबीला बाजूला साधारण ८ सेंमी. २० अंशांवर सोडला तर आवर्तकाल पाऊण टक्का वाढतो आणि ‘जी’ ९.६४ च्या आसपास उतरतो. दोरा खिळ्याला गुंडाळू नका, चिरलेल्या बुचात घट्ट धरा, नाहीतर टांगणीचा बिंदूच हलत राहतो. पंखा बंद. गोळा लंबवर्तुळात फिरू लागला तर ते रीडिंग सोडून द्या.

आणि ९.८ चा हट्ट कशाला? ९.८०६६५ हे ठरवून दिलेलं प्रमाण मूल्य आहे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे ‘जी’ ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतो. तुमच्या स्लोपमधून आलेला ९.७८ नाशिकचाच आहे. सगळ्या वर्गाचं नेमकं ९.८ येत असेल तर मला त्याचीच काळजी वाटते.

नवखा_एफवाय
आज हुक मोजला, ०.९ सेंमी! ८० साठी आता १९ ने भागून लिहू का?

प्रयोगवही
नको. १९ हा आपला अंदाज आहे, मोजमाप नाही. जुन्या रीडिंगवर एकच आडवी रेघ मार, आकडा वाचता यायला हवा. शेजारी ‘मोजणीत चूक’ लिही, खाली नवं रीडिंग घे. लांबी ८२.२ धर. २० दोलनांना ३६.४ सेकंदांच्या आसपास वेळ यायला हवा. जास्त फरक पडला तर दोरा सरकलाय का ते आधी बघ.