रणजीचं मानधन आणि नाशिकची पोरं

'आयपीएल मिळालं नाही तर क्रिकेटमधली सगळी वर्षं फुकट' असं एकांनी लिहिलंय. त्यांची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

आधी पैशांचं बघू. बीसीसीआयने २०२१ मध्ये देशांतर्गत मानधन वाढवलं. कारकिर्दीत वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, चाळीसच्या वर गेलेल्याला ६० हजार. रणजी म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा; तिच्या साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे. सगळे खेळला तर नवख्याला अकरा लाखांच्या वर मिळतात. चांगलेच आहेत की! पण मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांत नसलेल्या राखीव खेळाडूला निम्मेच, आणि संघातच नाव नसेल तर काहीच नाही. एखादा फास्ट बोलर पाठीच्या दुखण्याने हंगामभर बाहेर बसला की घर कशावर चालवायचं? मला खरी भीती याची वाटते, आयपीएलच्या लिलावाची नाही.

तरीही आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) रणजीचा सामना असला की कठड्याला टेकून उभी राहिलेली शाळकरी पोरं बघा. सत्यजित बच्छाव याच शहरातून महाराष्ट्राच्या संघात गेला. सिन्नर तालुक्यातली माया सोनवणे २०२२ मध्ये महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये खेळली, तेव्हा डब्ल्यूपीएल (महिलांची आयपीएल) सुरूही झाली नव्हती. महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये, दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. तो परत आणायचा, ही महत्त्वाकांक्षा आयपीएलपेक्षा लहान कशी?

पालकांना एकच विनंती, मुलाचं कॉलेज सोडवू नका.